माझंच सुतक

मुलीनं मला पहिल्यांदा परकं म्हटलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कॉलेजला जायचे कपडे घातलेले, ओढणी हातात तशीच धरलेली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला विचारावं तशा आवाजात, गुजरातीत म्हणाली, "तमे कोण छो?"

मला वाटलं, थट्टा करतेय. आमची पोर नकला करण्यात पटाईत होती. माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई, खालच्या मजल्यावरची मारवाडीण, तिचे पप्पा, सगळ्यांची नक्कल करायची. मी लाटणं न थांबवता म्हटलं, "तुझी होणारी सासू. पोळी घे."

ती हसली नाही. "माझी मम्मी कुठंय?" तिनं मराठीत विचारलं. मग एक पाऊल मागं सरकली. "तुम्ही तिच्यासारख्या दिसता. पण तुम्ही ती नाही. तिला कुठं ठेवलंय?"

तव्यावरची पोळी जळाली. त्या वासानं तिचे पप्पा आंघोळीतून ओरडले. ती धावत त्यांच्याकडे गेली आणि मोरीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली, माझ्याकडे तोंड करून. मी जवळ जाऊ नये म्हणून तिनं ओढणी दोन्ही हातांत ताणून धरली होती.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. लग्नानंतर मी सुरतेला आले आणि लिंबायतच्या एका मराठी शाळेत शिकवायला लागले. माझे मिस्टर कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, एका आठवड्याला दिवसपाळी, दुसऱ्याला रातपाळी. एकच मुलगी. ती इथंच जन्मली. मैत्रिणींशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, आमच्याशी मराठी, आणि गावाकडच्या आजीशी फोनवर अहिराणी. एका तोंडात चार भाषा, असं आम्ही कौतुकानं सांगायचो.

त्या सकाळच्या आधी काहीच झालं नव्हतं असं नाही. गेले काही महिने ती कॉलेजमधून लवकर यायची. मैत्रिणींचे फोन उचलायची नाही. आमच्या घरामागं लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना आहे, मशिनांचा खडखडाट तिनं पाळण्यात असल्यापासून ऐकलेला. एकदा जेवताना म्हणाली, "मागचे लोक माझं नाव घेतात." मी म्हटलं, तिथं कोण कुणाचं नाव घेणार, स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. पुढं तिनं कानांत कापूस घालायला सुरुवात केली. परीक्षेचं टेन्शन आहे, असं मी समजले, तिच्या पप्पांनीही तेच समजलं.

पण 'ही माझी आई नाही' हे निराळंच होतं. ते घरात शिरलं आणि ठाण मांडून बसलं. माझ्या हातचं खाईना. मी पाण्याचा ग्लास ठेवला की ती तो ओतून नळाचं पाणी भरून घ्यायची. मी घरात शिरले की ती पप्पांच्या मागं. ते कामावर गेले की ती खोलीला आतून कडी लावायची आणि ते परत येईपर्यंत उपाशी राहायची. नणंद गावाहून आली, म्हणाली, बाहेरचं काहीतरी आहे, झाडायला हवं. कडोदऱ्याच्या बाजूला एका भगताकडे घेऊन गेलो. तिनं तिथं सगळं मुकाट्यानं करून घेतलं आणि परतताना रिक्षात पप्पांच्या कानात म्हणाली, "त्या माणसानंही त्या बाईला ओळखलं नाही. बघा, ती किती हुशार आहे."

ती बाई म्हणजे मी. मी रिक्षाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते.

मग मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. मानसिक विभागातली डॉक्टर वयानं तरुण होती. तिनं मुलीशी बंद दाराआड पुष्कळ वेळ बोलून घेतलं. नंतर आम्हाला आत बोलावून सांगितलं की याला सायकोसिस म्हणतात, हा मेंदूचा आजार आहे, कुणाच्या वागण्यानं झालेला नाही, औषधानं बहुतेकांना फरक पडतो, पण वेळ लागतो. "आणि आई नाही असं म्हणते, ते?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, तेही आजारातलंच. जवळच्याच माणसाबद्दल असं वाटतं पुष्कळदा. "सगळ्यात जवळच्या," ती पुन्हा म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. ते ऐकून मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि पदर तोंडाला लावला.

त्याच बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. शेजारी त्यांचा मुलगा, तिशी उलटलेला, मान खाली घालून पायाचा अंगठा हलवत होता. गृहस्थ रेल्वेतून रिटायर झालेले, मूळ भुसावळचे, उधन्याला राहणारे. त्यांनी मला काय झालं हे विचारलं नाही. फक्त म्हणाले, "ताई, आमच्या विहाराच्या हॉलमध्ये आम्ही काही घरं रविवारी दुपारी बसतो. सगळ्यांच्या घरी हेच आहे. डॉक्टर नसतो, भाषण नसतं. चहा असतो."

मी गेले नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी, शाळेतली बाई, चारचौघांत बसून घरचं सांगणार, हे मला पटेना. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मुलीनं माझ्या अंगावर कपबशी फेकली. लागलं नाही, पण कपाचे तुकडे गोळा करता करता मी उठले, चप्पल घातली आणि उधन्याची रिक्षा पकडली.

हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली दहा-बारा माणसं. कुणी खानदेशी, कुणी ओडिशाचे, दोन-तीन घरं गुजराती. त्या रेल्वेवाल्या काकांनी मला बसायला जागा करून दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "नवीन ताई आहेत. त्यांना वाटलं तर बोलतील." मी काहीच बोलणार नव्हते. माझ्या आधी एक गुजराती बेन बोलत होत्या, साड्यांना लेस लावायचं काम करणाऱ्या, जाडसर, दम लागल्यासारखं बोलणाऱ्या. त्यांच्या धाकट्या मुलाला हा आजार. तो आठवडाभर अंघोळ करत नव्हता आणि काल त्यानं स्वतःहून बादली भरली. एवढंच सांगत होत्या. पण सगळी माणसं अशी ऐकत होती, की जणू मुलगा पहिला आला. ते बघून मी बोलून गेले, "माझी मुलगी म्हणते, मी तिची आई नाही."

कुणी 'अरेरे' म्हटलं नाही. बेननी विचारलं, "तुम्ही काय म्हणता मग?"

"मी सांगते, मीच आहे. लहानपणच्या गोष्टी सांगते. फोटो दाखवते. तिच्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगते."

"मग?"

"मग ती आणखी घाबरते. म्हणते, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

बेननी मान हलवली. "माथाकूट नै करवानी, बेन," त्या म्हणाल्या. वाद घालू नका. त्यांचा मुलगा एके काळी म्हणायचा की घरात कॅमेरे आहेत. त्यांनी सगळं घर उघडून दाखवलं, भिंतीवरचं प्लास्टर काढून दाखवलं. तो म्हणाला, तूही त्यांना मिळालीस. मग त्यांनी वाद सोडला. 'तुला भीती वाटतेय ना, मी इथं बसते,' एवढंच म्हणू लागल्या. "ती आई नै कहे, तो नै. घरात एक बाई म्हणून राहा. चांगली बाई."

घरी परतताना मला त्या बाईचा राग आला होता. स्वतःच्या घरात बाई म्हणून राहा. पण दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. तिच्याजवळ गेले नाही. ताट झाकून ठेवलं आणि सांगितलं, "पप्पांनी भाजी आणली होती, ती केलीय. मी बाहेर बसते." ती जेवली नाही, पण त्या दिवशी कडीही लावली नाही.

फोनचं कळलं ते अपघातानं. मिस्टर दिवसपाळीला जाताना फोन घरी विसरले. मधल्या सुट्टीत मी त्यांना लावला, तर तिनं उचलला. मी काही बोलायच्या आत माझ्या तोंडून नेहमीचं "हां, ऐक" निघालं. पलीकडं ती रडायला लागली. "मम्मी? मम्मी, कुठंयस तू? इथं एक बाई येऊन राहिलीय. अगदी तुझ्यासारखी आहे. पप्पांना कळतच नाहीये. तू ये ना लवकर."

शाळेच्या जिन्याखाली, पोरांच्या गलबल्यात, मी भिंतीला टेकले. कितीतरी दिवसांनी तिनं मला मम्मी म्हटलं होतं. मी विचारलं, "जेवलीस का?" म्हणाली, नाही. "पोळी-भाजी आहे ना? माझ्यासाठी खा." म्हणाली, खाते. आणि खरंच खाल्ली. घरी आले तेव्हा ताट रिकामं होतं. मी दार उघडताच ती नेहमीसारखी भिंतीकडे सरकली.

डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, असं होतं कधीकधी, चेहरा परका वाटतो पण आवाज ओळखीचा लागतो. बोला, पण खोटं सांगू नका की दूर कुठं आहे, येते वगैरे. म्हणून ती विचारायची, "कुठंयस?" तेव्हा मी म्हणायचे, "घरीच आहे, बेटा." ती म्हणायची, "खोटं." मग मी विषय बदलायचे. रोज शाळेतून आले की पिशवी ठेवायची आणि गच्चीवर जाऊन तिला फोन लावायचा, असा माझा नियम झाला. खाली तीच पोर माझी सावली पडली तरी दचकायची, आणि वरून मी तिला गोळी घ्यायला लावायचे. ती हसायचीही फोनवर. एकदा तिनं मला त्या बाईची नक्कल करून दाखवली. चालणं, नाक ओढणं, चष्मा पुसणं. अगदी हुबेहूब. मीही हसले. काय करणार.

रविवारी मी हे सांगितलं तेव्हा सगळे खूश झाले. काका म्हणाले, "धागा हाती आला." पण बेन खूश दिसल्या नाहीत. त्यांनी नंतर चप्पल घालताना मला विचारलं, "ती गच्चीवर येते कधी?" मी म्हटलं, नाही, घराबाहेर पडतच नाही ती.

ती आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. लिंबायतच्या साऱ्या गच्च्यांवर पतंग होते, गाणी लावलेली, पोरं ओरडत होती. गलका तिला सहन झाला नसेल, किंवा मम्मीशी बोलता बोलता हवेत यावंसं वाटलं असेल. मी टाकीच्या आडोशाला उभी राहून बोलत होते, "गोळीनंतर दूध घे," असं काहीतरी. आणि मला माझाच आवाज मागून, तिच्या फोनमधून ऐकू आला. मी वळले. ती जिन्याच्या दारात, फोन कानाला. मीही फोन कानाला.

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मला वाटलं, आता कळेल तिला. आता दिसेल की आवाज आणि माणूस एकच आहे. सगळं सुटेल. माझ्या मनात आलं ते हेच, आणि मी हात पुढं केला.

तिनं फोन हळूच कानावरून काढला. "म्हणजे आवाजपण तुमचाच," ती म्हणाली. ओरडली नाही. "मम्मी नाहीच आहे. फोनवर कधीच नव्हती." मग जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मेली ती."

त्या दिवसापासून माझ्या घरात माझं सुतक सुरू झालं. तिनं टीव्ही लावू दिला नाही. फोडणी करू दिली नाही. माझा आणि मिस्टरांचा एक फोटो होता, लग्नातला, तो कपाटातून काढून तिनं फळीवर ठेवला आणि त्यापुढं पणती लावली. पप्पांना म्हणाली, हार आणा. दहावं कधी करायचं ते विचारलं. तो माणूस आयुष्यभर उकळत्या रंगाच्या वाफेत उभा राहिलेला. त्या दिवशी तो खाली ओट्यावर येऊन माझ्यासमोर बसला आणि अहिराणीत म्हणाला, "काय करू व? जित्ती बाईना फोटोले हार घालू का मी?" मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरनं औषध बदललं. दाखल करायचं का, यावरही बोलणं झालं, पण ती स्वतःला किंवा कुणाला इजा करण्याच्या गोष्टी बोलत नव्हती. फक्त रडत होती. डॉक्टर म्हणाली, लक्ष ठेवा, जरा जरी तसं वाटलं तर लगेच आणा.

रविवारी मिस्टरही माझ्याबरोबर हॉलवर आले, पहिल्यांदाच. तिच्याजवळ नणंदेला बसवलं होतं. मला सांगता येईना, मग त्यांनीच सांगितलं, अर्धं अहिराणीत, अर्धं हिंदीत. ओडिशाचा एक बाप म्हणाला, फोटो काढून टाका. दुसरं कुणी म्हणालं, डॉक्टरला सांगून इंजेक्शन द्या. बेन आपल्या जाड बोटांनी सतरंजीचा दोरा ओढत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मरण खोटुं. पण एनुं दुख तो साचुं छे ने?" मरण खोटं असेल, पण तिचं दुःख तर खरंच आहे ना. "घरात पोर रडतेय. आई गेल्याचं रडतेय. शेजारीण असती तरी जाऊन बसली असती."

मी बसले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर, पिशवीसकट, तिच्यापासून हातभर अंतरावर. ती फोटोकडे बघत होती. खूप वेळानं मी विचारलं, "खूप आठवण येते?"

तिनं मान हलवली. डोळे सुजलेले, ओठ फुटलेले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा भीती न वाटता, आणि विचारलं, "तुमची मम्मी आहे?"

"नाही," मी म्हटलं. "तिला जाऊन बरीच वर्षं झाली." ते खरं होतं.

"मग तुम्हाला कळत असेल."

"कळतं."

ती सरकली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी पाठीवर हात ठेवला, तिनं झटकला नाही. माझी मुलगी माझ्या कुशीत माझ्यासाठी हमसून हमसून रडली आणि मी तिला गप्प करत होते, "होईल बेटा, सावकाश होईल," असं, जे परक्या पोरीलाही म्हणतात. किती वेळ गेला माहीत नाही. मागं लूम चालू होते. मी पाणी आणलं. तिनं ग्लास माझ्या हातातून घेतला आणि प्यायला.

तेव्हापासून ती माझ्या हातचं खाते. नव्या औषधाचा गुण आहे, असं डॉक्टर म्हणते, आणि ते असेलच. कानांतला कापूस गेला. लूममधून आता नाव येत नाही, आलं तरी लांबून येतं म्हणते. कॉलेज सुटलं ते सुटलंच. दुपारी बेनकडे जाऊन साड्यांना लेस लावते, सोबत त्यांचा मुलगाही असतो. दोघं फारसं बोलत नाहीत, पण काम नीट करतात. फळीवरची पणती तिनं एके दिवशी आपणहून थांबवली. फोटो आहे. मला ती 'मासी' म्हणते, गुजराती पोरी आईच्या बहिणीला म्हणतात तसं. डॉक्टरला मी दर वेळी विचारते, मम्मी म्हणेल का. ती खोटं बोलत नाही. म्हणते, सांगता येत नाही.

कधीकधी ती मला तिच्या आईबद्दल सांगते. काम करता करता, सहज. मम्मी शाळेतून आली की पोरांची चित्रं दाखवायची. मम्मी पापड भाजताना हमखास एक जाळायची आणि तोच स्वतः खायची. मी ऐकते. मला स्वतःबद्दल बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या. मागच्या आठवड्यात मी विचारलं, "रागवायची का तुझ्यावर?"

"रागवायची की. पण मग संध्याकाळी तेल लावून द्यायची डोक्याला. काही बोलायची नाही. तेल लावायची म्हणजे राग गेला."

तिचे केस कोरडे पडलेत, मागं जट धरलीय. मी उठून तेलाची बाटली आणली. "बस, मी लावते."

तिनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत वैर नव्हतं. मला वाईट वाटू नये याची काळजी होती. "नको मासी," ती म्हणाली. "ते मम्मीचं होतं."

रविवारी मी हॉलवर हे सांगितलं. काकांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. बेन नेहमीच्या प्रश्नांवर आल्या.

"गोळी घेते?"

"घेते."

"झोपते?"

"झोपते."

"जेवते?"

"जेवते," मी म्हटलं. मग त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. त्याच्या मुलानं तीन दिवस दार उघडलं नव्हतं.